आटपाडीच्या माळावरचा तुरुंग

१८१६ चा पावसाळा. ठाण्याच्या किल्ल्यात त्या दिवसांत पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई होते. देशी शिपाई पैशाला फितेल, म्हणून इंग्रजांनी मुद्दाम तशी तजवीज केली होती. कैदीही तसाच मातबर होता. दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात त्रिंबकजी डेंगळे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा ठपका त्याच्यावर होता. गोरे शिपाई फितले नाहीत, हे खरे; पण त्यांना मराठीचा गंधही नव्हता. किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराकडे नोकरीला लागलेला मोतद्दार रोज घोड्याला खरारा करता करता त्रिंबकजीच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटायचे, गडी मोठा रंगेल दिसतो. गाण्यात पळून जाण्याचा सगळा बेत होता. सप्टेंबरातल्या एका अंधाऱ्या, पावसाच्या रात्री कैदी नाहीसा झाला. पुढे तो पुन्हा सापडला आणि चुनारच्या किल्ल्यात त्याने उरलेले दिवस काढले.

ही गोष्ट आपण त्रिंबकजीच्या चातुर्याची म्हणून सांगतो. मला तिच्यात तुरुंगाचे जुने रूप दिसते. तेव्हा तुरुंग म्हणजे किल्ल्यातली एखादी खोली, बुरूज किंवा अंधारकोठडी. माणूस हातचा जाऊ नये एवढेच तिचे काम. त्याने सुधारावे, पस्तावावे, काही शिकावे, अशी अपेक्षा कोणीच करत नव्हते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात देहान्त, अवयव तोडणे, दंड आणि गडावरची कैद अशा शिक्षांची नोंद आहे. ठरावीक गुन्ह्याला ठरावीक वर्षे, हा हिशेब त्या काळी नव्हता. दंड भरला, रदबदली झाली किंवा सरकारची मर्जी फिरली, की माणूस सुटे. नाहीतर गडावरच विसरला जाई.

वर्षांचा हिशेब कंपनी सरकारने आणला. हातपाय तोडणे रानटीपणाचे म्हणून मागे पडले आणि त्या जागी कैद आली. मग एवढ्या कैद्यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. सोपे उत्तर होते रस्ते. पायात बेड्या घालून कैद्यांच्या टोळ्या खडी फोडायला लावायच्या.

या रस्त्याच्या कामाची आपल्याकडची एक खूण महाबळेश्वरला आहे. माल्कम साहेबाने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेऊन गोऱ्या लोकांसाठी थंड हवेचे ठाणे वसवले. तिथे १८३४ च्या सुमारास शे-सव्वाशे कैद्यांचा एक तुरुंग उभा राहिला. त्यातले बरेच कैदी चिनी आणि मलायी होते. कंपनीचा कायदा असा, की हिंदुस्थानातला गुन्हेगार काळ्या पाण्यावर सिंगापूरला जायचा आणि तिकडचा इकडे यायचा. या चिनी कैद्यांनी महाबळेश्वरचे रस्ते केले. त्यांनी बागा लावल्या, विलायती भाज्या आणि बटाटे पिकवले, वेताच्या टोपल्या विणल्या. शिक्षा संपल्यावर काहींनी तिथेच घरे केली. १८६४ मध्ये तुरुंग मोडला. आज प्रवासी ‘चायनामन फॉल’पाशी फोटो काढतात, पण त्या नावातला चिनी माणूस बेडी घालून या डोंगरावर आला होता, हे फारसे कोणाला माहीत नसते.

महाबळेश्वरचा तुरुंग कोणी सुधारणेचा प्रयोग म्हणून उभारला नव्हता. सरकारला फुकटचे मजूर हवे होते, इतकेच. पण उघड्यावर काम, हाताला कसब, मातीशी संबंध आणि सुटल्यावर तिथेच रुजायची मुभा, एवढे सगळे त्यात आपोआप जमून आले. शंभर वर्षांनी माणदेशात, आटपाडीच्या माळावर, जे मुद्दाम केले गेले, ते इथे नकळत होऊन गेले होते. दरम्यानच्या काळात सरकारचे धोरण मात्र नेमके उलट्या दिशेने गेले.

त्या धोरणाच्या मुळाशी मेकॉले होता. तोच, शिक्षणाचा. त्याच्या सूचनेवरून तुरुंगांच्या शिस्तीचा विचार करायला एक समिती बसली आणि १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. रस्त्यावरची कामे बंद करा, असे समितीने सांगितले. त्यात माणसे मरतात फार आणि जी मरत नाहीत त्यांना शिक्षा झाल्यासारखी वाटत नाही, कारण त्यांना चार लोक दिसतात, चार शब्द बोलायला मिळतात. त्यापेक्षा उंच भिंतींचे मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधा. आत काम द्या, पण ते कंटाळवाणे, रोज तेच ते आणि माणसाला नकोसे होईल असे द्या. शिक्षण, नीतिबोध, चांगल्या वागणुकीला बक्षीस, यांतले काहीही समितीला नको होते. तुरुंगाची दहशत बसली पाहिजे. बाकी सगळे गौण.

या अहवालातूनच पुढचा हिंदुस्थानी तुरुंग घडला. १८४६ मध्ये आग्र्याला पहिला मध्यवर्ती तुरुंग निघाला. आपल्याकडे १८७१ मध्ये पुण्याबाहेर येरवड्याला तसाच तुरुंग उभा राहिला. ‘चक्की पिसणे’ हा वाक्प्रचार आपल्या बोलीत आला, तो याच धोरणातून. जात्याच्या खुंट्याला धरून तासन्‌तास उभे राहायचे, काथ्या कुटायचा, संध्याकाळी बराकीत मोजून घ्यायचे आणि कुलूप.

भिंती मनासारख्या उभ्या राहिल्या, पण आतली माणसे सरकारच्या हिशेबात बसेनात. पहिली ठिणगी जेवणावरून पडली. आधी कैद्याला रोजचे पैसे किंवा शिधा मिळे आणि तो आपले आपण शिजवून खाई. १८४० नंतर बिहार-बंगालच्या तुरुंगांत सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र करायचा हुकूम निघाला, तेव्हा बाटवण्याचा डाव म्हणून कैदी बिथरले आणि ठिकठिकाणी दंगली झाल्या. १८५५ मध्ये तर निमित्त झाले नुसत्या लोट्याचे. पितळी लोटा डोक्यात घालता येतो, म्हणून तो काढून घेऊन मातीची भांडी द्यायचे ठरले. मातीचे भांडे एकदा विटाळले की टाकून द्यावे लागते. तुरुंगात ते कोणाच्या हातून कोणाकडे येईल, याचा नेम नाही. आरा आणि मुझफ्फरपूरचे तुरुंग पेटले. मुझफ्फरपूरला तर गावातले लोक कैद्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि सरकारला लोटे परत द्यावे लागले. दोनच वर्षांनी १८५७ च्या बंडवाल्यांनी गावोगावचे तुरुंग फोडले. या लोट्याची आठवण तेव्हा कोणाला झाली असेल तर नवल नाही.

या भांडणातून सरकारने जो मार्ग काढला, तो भांडणापेक्षा वाईट होता. स्वयंपाकाला वरच्या जातीचा कैदी, झाडलोट आणि मैल्याला खालच्या जातीचा, अशी वाटणी तुरुंगांच्या नियमपुस्तकांत शिरली. म्हणजे बाहेर जी उतरंड होती तिला आत सरकारी शिक्का मिळाला. ही कलमे किती काळ टिकली? ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. तुरुंगातली कुठलीही गोष्ट एकदा कागदावर आली की तिला मरण नसते.

१८९४ मध्ये तुरुंगांचा कायदा झाला. कोठड्या, फटके, बेड्या, मुलाकती, कैद्यांचे वर्ग, सगळे त्यात बांधून टाकले. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे देशातले तुरुंग बहुतांशी याच कायद्यावर चालले.

सुशिक्षित मराठी माणसाला या भिंतीआडचे जग पहिल्यांदा दिसले ते आगरकरांमुळे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर आगरकरांनी तिथल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. नंतर तुरुंगात जाणे ही देशभक्ताची वहिवाटच झाली. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. गांधीजी येरवड्याला ‘येरवडा मंदिर’ म्हणत. मोठ्या माणसांच्या या तुरुंगवासाने मराठी साहित्याचा फायदा झाला, पण एक गफलतही झाली. तुरुंग म्हणजे तपश्चर्येची जागा, अशी कल्पना आपल्या मनात बसली. शेजारच्या बराकीत चोरी, मारामारी किंवा खुनासाठी आलेला, लिहिता-वाचता न येणारा माणूस काय करत होता, हे त्या पुस्तकांत क्वचितच सापडते. त्याच्या तपश्चर्येला फळ धरत नव्हते. तो सुटे, गावात त्याला कोणी उभे करत नसे आणि पुष्कळदा तो परत येई. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९१९-२० मध्ये हेच दुखणे ओळखले आणि कैद्याची सुधारणा हा तुरुंगाचा हेतू असला पाहिजे, असे पहिल्यांदा स्पष्ट लिहिले. अहवाल चांगला होता. भिंती होत्या तिथेच राहिल्या.

आता आटपाडीचा माळ ज्या संस्थानात होता, त्या औंधाकडे येऊ.

औंध संस्थान म्हणजे ७२ गावांचा विखुरलेला पसारा. सातारा जिल्ह्यात एक तुकडा, आटपाडीकडे एक, कुंडलकडे एक आणि पार विजापुराकडे गुणदाळचा एक. वस्ती सुमारे पाऊण लाख. गादीवर भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारा, स्वतः चित्रे काढणारा, कीर्तन करणारा हा राजा. आजूबाजूचे संस्थानिक शिकारी आणि घोड्यांच्या शर्यतींत रमलेले असताना यांनी टेकडीवर चित्रसंग्रहालय बांधले. त्याआधी १९१० मध्ये बेळगावातून कारखाना उठवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजाने कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला होता. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कामावर घेतले, त्यांच्यावर राखणीची कामे सोपवली. चोराच्या हाती किल्ल्या देणे ही औंधात अगदीच न ऐकलेली गोष्ट नव्हती.

१९३८ च्या नोव्हेंबरात राजाने जाहीर केले की सत्ता प्रजेकडे सोपवायची. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींनी तालुक्याचा कारभार निवडावा, गावातले तंटे शक्यतो गावातच मिटावेत, अशी तिची मांडणी होती. या सगळ्या खटपटीत राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि त्यांचे एक विलक्षण मित्र होते. मॉरिस फ्रीडमन. वॉर्सातले पोलिश ज्यू, पेशाने इंजिनिअर. बंगळूरच्या सरकारी वीजसाहित्याच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून ते हिंदुस्थानात आले, गांधीजींच्या सहवासात चरख्यात सुधारणा करू लागले, भगवी वस्त्रे घेतली आणि ‘भारतानंद’ झाले. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे पुढे इंग्रजीत आणून जगभर पोचवली, तीही यांनीच. अशा माणसाने औंधच्या राजासमोर एक मागणी ठेवली: तुमच्या तुरुंगातले कैदी मला द्या. किरकोळ चोर नकोत, मोठ्या गुन्ह्यांतले द्या.

दुसरा राजा असता तर त्याने या भगव्या साहेबाला वेड्यात काढले असते. बाळासाहेबांनी आटपाडीजवळची जमीन नेमून दिली आणि तिला नाव मिळाले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला स्वतंत्रपूर म्हणणे, हे औंधच्या राजालाच सुचू शकते.

आटपाडीचा माळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ही निवड किती अवघड होती, ते कळेल. हा माणदेश. पाऊस इथे येतो तो वाट चुकून. माण नदीचे पात्र वर्षातला बराच काळ वाळूचेच असते. कुसळे, बाभळी, मेंढरांचे कळप, खिलार बैल आणि दर काही वर्षांनी दुष्काळ. या मुलखात स्वतंत्र शेतकऱ्याला पोट भरणे मुश्कील. तिथे शिक्षा भोगणाऱ्या माणसांना सांगण्यात आले, की ही जमीन, ही अवजारे, पिकवा आणि खा. भोवती भिंत नाही. पायात बेडी नाही. घरच्यांना बरोबर आणायला हरकत नाही. शीव ओलांडून पळून जायचे नाही, एवढा शब्द पाळायचा.

त्या शब्दाची ताकद कशात होती, ते तुरुंगातल्या जगण्याशी ताडून पाहावे. मध्यवर्ती तुरुंगात माणसाला सकाळी उठवले जाते, मोजले जाते, खायला घातले जाते, कामाला लावले जाते, पुन्हा मोजून कोंडले जाते. दहा वर्षे त्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. आज काय पेरावे, पोराला शाळेत घालावे की नाही, मीठ संपले तर पैसे कुठून आणावेत, यातले काहीच. मग एके दिवशी दार उघडते आणि त्याने जबाबदार नागरिकासारखे वागावे, अशी अपेक्षा असते. स्वतंत्रपुरात हेच निर्णय शिक्षेचा भाग झाले. विहिरीला पाणी कमी आले तर तो त्याचा प्रश्न होता. बायको शेजारी होती, पोरे अंगणात खेळत होती. पळून गेला असता तर यांतले सगळे गमावून बसला असता. पेरणी केलेला माणूस पीक हाती येईपर्यंत सहसा जागा सोडत नाही, हे माणदेशात कोणाला सांगावे लागत नाही.

याच काळात आटपाडीच्या पूर्वेला, पंढरपूर ओलांडून पुढे, सोलापुरात एक वेगळी वसाहत होती. तिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींच्या माणसांना बायकामुलांसकट तिथे तारांच्या कुंपणात ठेवले होते. गुन्हा काय, तर जन्म. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचे, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. सोलापुरात गुन्हा न केलेली माणसे तारेच्या आत आणि आटपाडीत शिक्षा झालेली माणसे उघड्या माळावर, हे एकाच वेळी, एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर चालू होते. सोलापूरची व्यवस्था ब्रिटिश मुंबई इलाख्याची, आटपाडीची एका छोट्या संस्थानाची. गुन्हेगार जमातींचा तो कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्या जमातींच्या माणसांना पोलीस आजही कसे पाहतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आणखी एक तुरुंग फार लांब नव्हता. जुलै १९४३ मध्ये सांगलीच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह तट ओलांडून पळाले. पाठलाग झाला, गोळ्या झाडल्या गेल्या, दादा जखमी होऊन पुन्हा सापडले. पुढे तेच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तटावरून उड्या पडत होत्या त्याच सुमारास माळावर, उडी मारायला तटच नसलेल्या जागी, माणसे मोट चालवत होती. ही तुलना पुरती न्यायाची नाही, हे मान्य. दादा राजकीय कैदी होते आणि पळणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण तुरुंगाची ताकद तटाच्या उंचीवर मोजायची सवय आपल्याला असल्यामुळे ती करावीशी वाटते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. पंचायतराज्याचा प्रयोग तिथेच आटोपला. स्वतंत्रपूर मात्र वाचले आणि सरकारच्या तुरुंग खात्याकडे गेले.

ते महाराष्ट्राच्या, आणि नंतर जगाच्या, कानावर पोचले ते गदिमांमुळे. ग. दि. माडगूळकर याच मातीतले; त्यांचे माडगूळ गाव आटपाडी तालुक्यातले, औंध संस्थानातले. स्वतंत्रपूरच्या आधारावर त्यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी, एक तरुण जेलर आणि एक उजाड माळ. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांतारामबापूंच्या डोळ्याला इजा झाली आणि दृष्टी जाते की काय, अशी वेळ आली. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले. त्यातली प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली.

चित्रपट मोठा आहे, पण त्याने एक गोष्ट लोकांच्या डोक्यात चुकीची घातली, असे मला वाटते. नावातच आहे: बारा हातांवर दोन डोळे. जेलरच्या नजरेचा धाक, त्याचा त्याग, त्याचे पवित्र चारित्र्य यांनी कैदी सुधारतात. असा जेलर लाखात एक. मग लाख तुरुंगांचे काय? खऱ्या स्वतंत्रपुरात जेलर बदलत गेले, खाते बदलले, राज्य बदलले, तरी वस्ती टिकली. कारण तिथे काम करणारी गोष्ट कोणा महात्म्याची नजर नव्हती. घामाची भाकरी, घरची माणसे आणि गमावण्यासारखे काहीतरी, ही व्यवस्था काम करत होती. व्यवस्थेवर चित्रपट काढता येत नाही, हे खरेच.

स्वातंत्र्यानंतर ही कल्पना पसरू लागली. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांनी १९५२ मध्ये बनारसजवळ चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी ठेवली. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि तिथे सांगानेरला त्यांच्या नावाचे खुले बंदी शिबिर निघाले. कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी गावात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. राजस्थान आज खुल्या तुरुंगांत देशात पुढे आहे. आपल्याकडे १९६८ मध्ये पैठणला खुले कारागृह निघाले. जायकवाडीच्या धरणाला हात हवे होते आणि तुरुंगांत हात रिकामे होते. महाबळेश्वरच्या खडीशी हे नाते सांगणारे आहे. फरक एवढाच, की आता मजुरी मिळत होती आणि माफीही. खुल्या कारागृहात काढलेल्या दिवसाला दिवस माफी मिळते. त्यामुळे जन्मठेपेच्या कैद्याची उरलेली वर्षे झपाट्याने कमी होतात. पक्का कैदी खुल्या कारागृहाकडे डोळे लावून बसतो तो यामुळे.

मग हा प्रयोग यशस्वी म्हणायचा का? इथे जरा सावध बोलले पाहिजे. खुल्या तुरुंगातून पळणारे फार थोडे, हे दिसतेच. पण तिथे पोचतो कोण? शिक्षेचा बराच भाग भोगलेला, वागणूक चांगली असलेला, निवड समितीच्या चाळणीतून गेलेला माणूस. अशा माणसांत पळणारे कमी निघणार, यात सगळे श्रेय माळाचे नाही. फ्रीडमन यांनी मोठ्या गुन्ह्यातले कैदी मागितले होते. खात्याने हळूहळू ज्यांच्याबद्दल खात्री आहे असेच पाठवले. प्रयोग टिकला, त्याची धार बोथट झाली. पण उलट बाजूही आहे. चाळणीतून जाऊ शकतील असे कितीतरी कैदी बंद बराकीत वर्षे काढतात. त्यांना भिंतीआड ठेवून कोणाचे रक्षण होते, याचा हिशेब कधी मांडला जात नाही.

न्यायालयांनी अधूनमधून दार ठोठावले. १९७८ मध्ये सुनील बत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले, की तुरुंगात पाऊल ठेवल्यावर माणसाचे मूलभूत हक्क दाराशी गळून पडत नाहीत. पुढच्या वर्षी हुसैनारा खातूनच्या खटल्यात बिहारमधले असे कैदी उजेडात आले, ज्यांना गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त दिवस ते खटल्याची वाट पाहत आत होते. १९८० ते १९८३ दरम्यान न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने देशभरच्या तुरुंगांचा जाडजूड अहवाल दिला. खुले तुरुंग वाढवा, कच्च्या कैद्यांना वेगळे ठेवा, असे त्यात होते.

कच्चा कैदी. ही खरी मेख आहे. तुरुंगाच्या बोलीत ज्याचा निकाल लागलेला नाही तो कच्चा आणि शिक्षा झालेला पक्का. मेकॉलेपासून मुल्लांपर्यंत सगळ्यांनी वाद घातला तो पक्क्या कैद्याचा: त्याला धाक दाखवावा की सुधारावे, कोंडावे की माळावर सोडावे. आणि तुरुंग भरत गेला कच्च्यांनी. सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची जागा होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. त्यांच्यावर अजून काही शाबीत झालेले नाही. त्यांना सक्तमजुरी नाही, त्यामुळे कामही बेताचेच. सुधारणेचा कार्यक्रम कायद्याने त्यांना लागू होत नाही, कारण सुधारायचे काय हेच ठरलेले नाही. १८३८ च्या समितीला हवी होती ती दहशत मात्र त्यांना पुरेपूर मिळते. नवे कायदे सांगतात की पहिल्याच गुन्ह्यातल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे. मोठे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. कागद हलायला मात्र वकील लागतो.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात मंजूर क्षमतेच्या काही पटींनी माणसे असतात, बहुतेक कच्ची. तिथल्या बराकीत रात्री झोपायला पाठ टेकेल एवढी जागा मिळवणे हाच दिवसाचा मोठा उद्योग असतो. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचे तर शेजाऱ्याला उठवावे लागते.

स्वतंत्रपूर अजून आहे. अधिकृत क्षमता २८. माळावर पीक उभे असते, कैदी कुटुंबासह राहतात, संध्याकाळी हजेरी होते. तिथे जायचे तर अर्ज करावा लागतो, वागणुकीचा दाखला लागतो, समितीची मंजुरी लागते. आर्थर रोडच्या बराकीत कुशीवर झोपलेल्या माणसाला हा अर्ज करता येत नाही. त्यासाठी आधी त्याचा गुन्हा शाबीत व्हावा लागतो.